ओहोटीच्या वेळेला बांधलेला नेम

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर रोज फिरायला जायचे असे मी काही वर्षांपूर्वी ठरवले, तेव्हा एक अट मनाशी घातली होती : चालायचे ते ओहोटीच्या वेळी. अट अवाजवी नव्हती. भरती असली की सुरूच्या बनाकडची कोरडी, भुसभुशीत वाळू तेवढी चालायला उरते आणि तिच्यात पाऊल रुतते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार वाळूवर चालताना शरीराला कठीण जमिनीच्या तुलनेत २.१ ते २.७ पट ऊर्जा खर्चावी लागते. पाऊल टाकले की वाळू मागे सरकते आणि तिला सरकवण्यात गेलेले श्रम आपल्याला पुढे नेण्याच्या कामी येत नाहीत. ओहोटीत उघडी पडलेली ओली वाळू मात्र चोपून सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट असते. तरीही माझा हा नेम दोन महिन्यांत तीनदा मोडला, आणि तिन्ही वेळा मी तो आळसाच्या खाती मांडला. तो हिशेब चुकीचा होता, हे सवयींविषयीचे संशोधन वाचू लागल्यावर ध्यानात आले.

कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक तोंडी रीत आहे : तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. ठिकाणानुसार थोडा फरक पडतो, पण अंदाज बांधायला ही रीत पुरते. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना रोज थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती-ओहोटीची वेळही रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, त्यामुळे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशी अगदी फिरण्याच्या वेळी मिळते. अष्टमीच्या सुमारास तीच ओहोटी भर दुपारी येते, आणि दुपारी बाराच्या उन्हात किनाऱ्यावर कोण जाणार? माझा नेम प्रत्येक वेळी अष्टमीच्या आसपास का मोडत होता, याचे उत्तर पंचांगातच होते. मी माझी सवय अशा खुंटीला बांधली होती, जी खुंटीच रोज जागा बदलत होती.

सवय म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अ‍ॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या वाटेवरून उंदरांना धावायला शिकवले. ठरावीक आवाज ऐकला की ठरावीक बाजूला वळायचे, म्हणजे खाऊ मिळायचा. या काळात मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया या केंद्रसमूहातल्या पेशींचे विद्युत संदेश नोंदवले जात होते. सुरुवातीला उंदीर धावत असताना या पेशी संपूर्ण वाटभर सक्रिय असत. शेकडो फेऱ्यांनंतर, वाट अंगवळणी पडल्यावर, त्यांची सक्रियता मुख्यतः धावणे सुरू होताना आणि ते संपताना दिसू लागली. मधला भाग बराच शांत झाला. सुट्या सुट्या हालचालींचे एक गाठोडे बांधले गेले होते आणि सुरुवातीची खूण मिळाली की ते अख्खे गाठोडे आपोआप उलगडत होते. मराठीत आपण ‘अंगवळणी पडणे’ म्हणतो, तो शब्द या प्रक्रियेला फार नेमका बसतो. कृती विचारातून निघून अंगाच्या वळणात जाते. मात्र त्यासाठी सुरुवातीची खूण प्रत्येक वेळी तीच असावी लागते.

असे वळण पडायला किती दिवस लागतात? ‘२१ दिवस’ हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या एका पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटू लागायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातले ‘कमीत कमी’ पुढे गळून पडले आणि चेहऱ्याविषयीचे निरीक्षण सगळ्या सवयींना चिकटले. प्रत्यक्ष मोजणी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. त्यांनी ९६ स्वयंसेवकांना एक छोटी कृती निवडून ती दिवसातल्या ठरावीक प्रसंगाला जोडायला सांगितले, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणासोबत एक फळ किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावणे. बारा आठवडे प्रत्येकाने ती कृती किती आपोआप घडते याची रोज नोंद ठेवली. सवय पक्की व्हायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवस निघाला, पण व्यक्तीव्यक्तींतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता (बारा आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून काढलेले अंदाज होते). म्हणजे एकविसाव्या दिवशीही सकाळी उठणे जड जात असेल, तर त्या माणसात काही उणे आहे असे मुळीच नाही. त्याची वाट अजून तयार होत आहे, एवढेच.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला, तर सवय तयार होण्याच्या वेगावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. आपल्याकडे मात्र एक दिवस राहिला की ‘नेम मोडला’ म्हणतात, आणि मोडलेली वस्तू पुन्हा हातात घ्यायला मन धजत नाही. पाहुणे आले, ताप आला, एसटी चुकली, म्हणून मंगळवार गेला, आणि त्या एका मंगळवारापायी पुढचे चार महिने सोडून दिलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. त्यांना हे ठळकपणे सांगावेसे वाटते की, मंगळवार गेल्याने आधीचे वीस दिवस पुसले जात नाहीत. बुधवारी त्याच वेळी, त्याच खुणेवर उभे राहावे.

वास्तविक नेमाची आपली परंपरा या शास्त्राच्या बरीच जवळ आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास चार चांद्रमासांचा, म्हणजे सुमारे ११८ दिवसांचा असतो. त्या काळात धरायचा नेम बहुधा लहान असतो, त्याचा आरंभ सगळ्यांना ठाऊक असतो आणि तो आंघोळ, पूजा, जेवण अशा रोज घडणाऱ्या गोष्टीला जोडलेला असतो. ६६ दिवसांच्या मध्यकापेक्षा हा काळ चांगलाच लांब आहे. मागच्या पिढीतील कितीतरी जणींचे चातुर्मासातले नेम कार्तिकीनंतरही आपोआप चालू राहत, त्यामागे श्रद्धेबरोबर हे कारणही असावे, असे मला वाटते.

आमच्या शेजारच्या काकूंचे उदाहरण येथे सांगतो ते सगळेच्या सगळे माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे. साठी ओलांडल्यावर त्यांना मधुमेह असल्याचे कळले. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले आणि मुंबईच्या मुलाने फोनमध्ये पावले मोजण्याची सोय करून दहा हजारांचे लक्ष्य लावून दिले. पहिल्या आठवड्यात आकडा कधी चार हजारांवर गेला नाही, तेव्हा काकूंनी फोन कपाटात ठेवला आणि चालणेही थांबवले. दहा हजार या आकड्यामागे तरी काय आहे? १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’ या नावाचे एक यंत्र विक्रीला आले, तेथून तो आकडा जगभर पसरला. अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या पावलांची मोजणी करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी घट दिसली नाही. हा निरीक्षणातून निघालेला संबंध आहे, पण काकूंना धीर द्यायला तो पुरेसा होता. ज्या चार हजारांना त्या अपयश समजत होत्या, त्यांनाही मोल होते.

मग आम्ही दोघांनी ओट्यावर बसून खूण शोधली. ‘संध्याकाळी चालेन’ हा निश्चय झाला, खूण नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी अशा निश्चयाला ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे रूप देण्याचा सखोल अभ्यास केला आहे, आणि २००६ साली ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले तेव्हा असे वाक्य ठरवणाऱ्यांकडून ठरवलेली गोष्ट पार पडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढलेले दिसले. काकू कित्येक वर्षे तुळशीपाशी दिवा लावत आल्या आहेत. तो कधी चुकत नाही. त्यामुळे वाक्य ठरले : ‘तुळशीपाशी दिवा लावला की काडेपेटी कोनाड्यात ठेवायची, चपला घालायच्या आणि पाखाडी उतरून खालच्या विहिरीपर्यंत जाऊन यायचे.’ दिवेलागणीची वेळही वर्षभरात पुढेमागे होते, पण तासाभराचा तो फरक महिन्यांच्या अंतराने इतका हळू पडतो की अंगाला जाणवत नाही. शिवाय घड्याळाकडे पाहावे लागत नाही, काडेपेटी हातातून सुटली की पाय आपोआप चपलांकडे वळतात.

सुरुवातीला जाऊन-येऊन जेमतेम दहा मिनिटे लागत. ती पुरेशी आहेत का, असे काकूंनी विचारले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. मात्र ती एकावेळी किमान दहा मिनिटांची असावी ही जुनी अट आता काढून टाकलेली आहे आणि थोडी हालचालही काहीच नसण्यापेक्षा चांगली, असे स्पष्ट म्हटले आहे. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढताना तर मांड्यांच्या मोठ्या स्नायूंना चांगलेच काम पडते. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेण्यासाठी इन्शुलिनवर पूर्णपणे अवलंबून राहत नाही. आकुंचनामुळेच साखर वाहून नेणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. ज्यांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी झाला आहे, त्यांच्यासाठी ही दुसरी वाट उघडी असणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. जेवणानंतर रक्तातली साखर चढत असतानाच थोडे चालले तर ती चढण कमी होते, आणि म्हणून शतपावलीच्या आपल्या जुन्या रीतीला आजचे शरीरशास्त्र पाठिंबाच देते. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयविकार असेल किंवा पायाला जखम असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच चालण्याचे प्रमाण ठरवावे.

खूण जशी चांगल्या सवयीला हाक मारते, तशी नकोशा सवयीलाही मारते. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटगृहात आलेल्या लोकांना काही ताजे आणि काही आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळे आवडत नसतानाही ताज्याइतकेच खाल्ले. तशीच सवय असलेले लोक सभेच्या खोलीत असताना, किंवा नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितल्यावर, शिळे पॉपकॉर्न बाजूला ठेवू लागले. आमच्या घरी चारच्या चहाशेजारी फरसाणाची बरणी असे. भूक असो वा नसो, कप हातात आला की दुसरा हात बरणीत जाई. ती बरणी माळ्यावर गेली आणि तिच्या जागी उकडलेल्या शेंगांची वाटी आली. चहाची खूण तशीच राहिली, तिच्यामागून येणारी कृती तेवढी बदलली. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लोणचे, पापड आणि खारवलेला बांगडा आवडीने खाणाऱ्या आपल्या घरांत सहज ओलांडली जाते, तेव्हा एक खारट बरणी नजरेआड करणे हेही लहान काम नाही.

मृगाचा पाऊस सुरू झाला तेव्हा मला काकूंच्या चालण्याची काळजी वाटली होती. पाखाडीवर शेवाळ धरते, पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा येतो आणि अंधारात फुरशाचे भय असते. पण दिवा काही पावसात थांबत नाही, तो देवघरात लागतो. काकूंनी खूण तीच ठेवली आणि वाट बदलली. त्यांची पडवी चोवीस फुटांची आहे. एका टोकाला भिजल्या छत्र्या टांगलेल्या असतात आणि दुसऱ्या टोकाला भाताची कणगी. कणगीवर त्यांनी दोन वाट्या ठेवल्या, एकीत पन्नास चिंचोके घातले आणि प्रत्येक फेरीला त्यातला एक दुसऱ्या वाटीत टाकू लागल्या. श्रावण संपेपर्यंत मी रोज संध्याकाळी कौलांवरच्या पावसाच्या आवाजातही चिंचोका वाटीत पडल्याचा आवाज ऐकत होतो, आणि ज्या दिवशी त्यांच्याकडे नातवंडे आली होती, त्या दिवशी तो ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी दिवा लागला आणि काही क्षणांतच पहिला चिंचोका वाटीत पडला.