बिअर वितरण खेळ

बिअर वितरण खेळ : निर्णयाचा परिणाम उशिरा दिसतो अशा व्यवस्थेत माणसे कशी वागतात, हे अनुभवाने शिकवण्यासाठी वर्गात खेळवला जाणारा पटावरचा खेळ. व्यवस्थापनशास्त्राबरोबर निर्णयाचे मानसशास्त्र आणि मानवी घटक (माणसाच्या क्षमता व मर्यादा पाहून कामाची रचना करण्याचे शास्त्र) या विषयांतही तो वापरतात. खेळात प्रत्यक्ष बिअर नसते. खोक्यांच्या जागी चकत्या सरकवल्या जातात.

खेळाचा उगम अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण-संशोधन संस्थेत, जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांच्या गटात झाला, याबद्दल दुमत नाही. कालनिश्चिती मात्र सैल आहे. बहुतेक लेखक 1960 नंतरची पहिली काही वर्षे धरतात. मूळ खेळात बिअरऐवजी फ्रिज होते, अशी नोंदही आढळते आणि ती ग्राह्य वाटते. कारण फॉरेस्टर यांचा आरंभीचा प्रश्नच जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांचा होता : कधी तीन-चार पाळ्यांत काम, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी. ही चढउतार बाजारामुळे नसून कारखान्याच्या स्वतःच्या मागणी-साठा धोरणातून उपजते, हे त्यांनी वहीतल्या हातगणिताने दाखवले. त्यांचा यावरील पहिला लेख 1958 चा आणि ग्रंथ 1961 चा असल्याने खेळाची कल्पना या दोहोंच्या आसपास आकारली असावी.

किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा एका साखळीतल्या चार जागा असतात; प्रत्येक जण आपल्या पुढच्या जागेकडे माल मागवतो. प्रत्येकाकडे आरंभी 12 खोकी. मागणी नोंदवल्यापासून माल हाती यायला साधारण तीन-चार आठवडे जातात. आपसात बोलण्यास बंदी असते. शिल्लक खोक्यामागे आठवड्याला अर्धा डॉलर आणि मागणी येऊनही देता न आलेल्या खोक्यामागे एक डॉलर असा खर्च धरतात. ग्राहकांची मागणी पहिले चार आठवडे 4 खोकी असते, पाचव्यापासून 8 होते आणि मग शेवटपर्यंत तेवढीच राहते. एवढ्याशा बदलावर कारखान्याकडची मागणी आधी भरमसाट फुगते, मग जवळजवळ शून्यावर येते. खेळ संपल्यावर ग्राहकांच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला की बरेच खेळाडू मोठी लाट काढतात. मधल्या वेळात ते शेजारच्या जागेवरच्या माणसाला दोष देत असतात. शिक्षकाला चर्चेसाठी खरे तर एवढेच पुरते.

मागणीच्या या लाटेच्या कारणांबद्दल मात्र दोन मते आहेत. जॉन स्टरमन यांनी 1989 मध्ये 11 गटांच्या, म्हणजे 44 खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. सरासरी खर्च सुमारे 2000 डॉलर निघाला. तुलनेसाठी काढलेला किमान खर्च 204 डॉलर होता. खेळाडू एक ढोबळ आकडा मनाशी धरून त्यात कमी-जास्त करतात आणि मागवलेला पण वाटेवर असलेला माल हिशेबात अपुरा धरतात, असा त्यांचा निष्कर्ष. उलट ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी 1997 मध्ये दाखवले, की मागणीच्या अंदाजाची पद्धत, ठोक (साठवून एकदम नोंदवलेल्या) मागण्या, किमतींतील फेरफार आणि टंचाईत गरजेपेक्षा जास्त नोंदवलेली मागणी यांमुळे पूर्ण विवेकी व्यापारीही अशीच लाट निर्माण करतील.

बाजाराबाबत दुसरे मत महत्त्वाचे आहे. वर्गातील खेळाचा उलगडा मात्र त्याने पुरता होत नाही. खेळात किंमत बदलत नाही, उत्पादनाला मर्यादा नाही, ठोक मागणीत फायदा नाही. क्रोसन आणि डोनोह्यू यांनी (2006) तर मागणीची शक्यता-विभागणी, म्हणजे कोणती मागणी किती शक्य आहे हे, सर्वांना आधीच सांगितली. तरी लाट उरली. एकमेकांचा साठा दिसू लागल्यावर ती कमी झाली आणि लाभ मुख्यतः कारखान्याच्या बाजूच्या दोन जागांना झाला. मानवी घटकांच्या शिक्षणात या निष्कर्षाला विशेष स्थान आहे : माणूस तोच ठेवून समोरची माहिती बदलली की चूक घटते.

याच जातकुळीतला जर्मनीतील प्रयोग डीट्रिख डोर्नर यांचा. त्यात संगणकावरील लोहाउझेन या काल्पनिक गावाचा कारभार 48 जणांनी एकेकट्याने, महापौर म्हणून पाहिला (1983). बिअर खेळाच्याही संगणकीय आवृत्त्या प्रचलित आहेत.