प्रसरणावरून अतिनवताऱ्याच्या अवशेषाचे वयमापन

ताऱ्याचा स्फोट झाल्यावर बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्याचे अवकाशात पसरत जाणारे कवच म्हणजे अतिनवताऱ्याचा, अर्थात सुपरनोव्हाचा, अवशेष होय. या कवचाचा आकार आणि त्याच्या वाढीचा वेग यांवरून स्फोटाला किती वर्षे झाली असावीत याचे जे अनुमान केले जाते, त्याला प्रसरण-वय म्हणतात.

पद्धतीच्या मुळाशी साधा भागाकार आहे. काही वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे पार्श्वभूमीवरील ताऱ्यांच्या आधारे एकमेकांवर जुळवली, की अवशेषातील तंतू व गाठी केंद्रापासून किंचित दूर सरकलेल्या दिसतात. एखादी गाठ केंद्रापासून १५० विकला अंतरावर असेल आणि दरवर्षी अर्धी विकला, म्हणजे अंशाचा ७,२०० वा भाग, सरकत असेल, तर तिचा प्रवास ३०० वर्षांचा ठरतो. दोन्ही मापे कोनांत असल्यामुळे अवशेष आपल्यापासून किती दूर आहे हे माहीत असण्याची गरजच उरत नाही. अंतरे ठरवणे हेच खगोलशास्त्रातले सर्वांत अवघड काम असल्याने हा या पद्धतीचा मोठा गुण मानला पाहिजे.

येथे वेग कायम राहिला असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कवच आंतरतारकीय वायू गोळा करत मंदावते, म्हणून प्रसरण-वय ही बहुधा वयाची कमाल मर्यादा असते. कवचाने स्वतःच्या वस्तुमानापेक्षा पुष्कळ अधिक वायू ओढून घेतल्यावर त्याची त्रिज्या काळाच्या दोन-पंचमांश घातानुसार वाढते आणि खरे वय प्रसरण-वयाच्या अवघे ४० टक्के भरते. शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया ए या अवशेषातील बाहेरच्या गाठी मात्र फारशा मंदावलेल्या नाहीत. त्यांचे मार्ग मागे नेले असता स्फोटाचा काळ इ. स. १६७० ते १६८० च्या आसपास येतो.

वृषभ राशीतील खेकडा अभ्रिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, कारण तिचे खरे वय नोंदलेले आहे. चिनी निरीक्षकांना हा ‘पाहुणा तारा’ जुलै १०५४ मध्ये दिसला आणि तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता. जॉन डंकन यांनी १९२१ मध्ये जुन्या-नव्या छायाचित्रांची तुलना करून अभ्रिका प्रसरण पावत असल्याचे दाखवले. पुढे व्हर्जिनिया ट्रिंबल यांनी तंतूंच्या गतींवरून १९६८ मध्ये काढलेले वर्ष ११४० च्या सुमाराचे, म्हणजे नोंदीपेक्षा सुमारे ८५ वर्षे अलीकडचे होते. वय कमी भरले याचा अर्थ तंतू आज पूर्वीपेक्षा अधिक वेगाने जात आहेत. डंकन यांच्या १९३९ मधील मापनातही हाच कल दिसला होता. त्यामागचा रेटा देणारा, सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा स्पंदक (पल्सार), म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिघन न्यूट्रॉन तारा, अभ्रिकेच्या मध्यभागी १९६८ मध्ये सापडला.