एक स्पेलिंग, सात अर्थ: इंग्रजी ‘मोल’ची पार्श्वभूमी

एम-ओ-एल-ई ही चार अक्षरं इंग्रजीत अंगावरचा तीळ, जमीन पोखरणारा प्राणी, शत्रूच्या गोटात पेरलेला हेर, समुद्रातला दगडी बांध, रसायनशास्त्रातलं एकक, गर्भाशयातली एक विकृत वाढ आणि मेक्सिकोतला एक सॉस अशा सात गोष्टींसाठी लिहिली जातात. आपल्या ‘मोल’शी यातल्या एकाचंही नातं नाही, तो संस्कृत ‘मूल्य’वरून आलेला. मोठे इंग्रजी कोश हे सातही अर्थ एका नोंदीत घालत नाहीत. क्रमांक देऊन स्वतंत्र नोंदी करतात, आणि नोंद कुठे तोडायची ते शब्द कुठल्या वाटेनं आला यावरून ठरवतात.

मराठीतलं ‘पीठ’ घ्या. ‘विद्यापीठ’मधलं पीठ, म्हणजे आसन, संस्कृतातून जसंच्या तसं आलं. डब्यातलं पीठ ‘पिष्ट’पासून झिजत झालं, जशी ‘मुष्टि’ची मूठ झाली. एक उसना, एक झिजलेला, आणि दोघे एकाच उच्चारावर येऊन थांबले. ‘मोल’चंही असंच झालं, फक्त वाटा जास्त.

तिळाचा ‘मोल’ अस्सल इंग्रजी आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘माल’ होता, अर्थ डाग, त्यातही कापडावरचा. त्या काळचा दीर्घ ‘आ’ पुढे ‘ओ’ झाला. ‘स्तान’चा ‘स्टोन’ झाला, ‘बान’चा ‘बोन’, तसा ‘माल’चा ‘मोल’. कापडावरच्या गंजाच्या डागाला इंग्रजीत ‘आयर्न मोल्ड’ म्हणतात. त्यातला ‘मोल्ड’ बुरशीचा नसून याच जुन्या शब्दाचं बदललेलं रूप आहे.

प्राण्याचा ‘मोल’ मध्ययुगीन इंग्रजीत ‘मोल्ल’ असा दिसतो. त्याचं जुनं नाव ‘मोल्डवार्प’, म्हणजे माती उडवणारा, आणि ‘मोल’ हे त्याचंच तोकडं रूप असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. जर्मनमध्ये याच नावातला मातीवाचक शब्द लोक विसरले, त्या जागी ‘माउल’ म्हणजे तोंड आलं, आणि तोंडानं माती उडवणारा ‘माउलवुर्फ’ तयार झाला. प्रत्यक्षात हा प्राणी पुढच्या रुंद पंजांनी खणतो! हेराचा अर्थ याच प्राण्याचं रूपक आहे, म्हणून कोशात त्याला वेगळा क्रमांक मिळत नाही. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकन यांनी १६२२ मध्येच छुप्या हस्तकांसाठी हा शब्द वापरला होता. सर्वांच्या तोंडी तो १९७०च्या दशकातल्या हेरकथांमुळे बसला.

सर्वांत रंजक जोडी बांध आणि एकक यांची. लॅटिन ‘मोलेस’ म्हणजे प्रचंड राशी. तो शब्द इटालियन-फ्रेंच वाटेनं बंदराच्या बांधासाठी इंग्रजीत आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून सुटका झालेल्या ३,३८,००० हून अधिक सैनिकांपैकी फार मोठा भाग अशाच एका ‘मोल’वरून जहाजांत चढला. याच ‘मोलेस’ला लघुत्वाचा प्रत्यय लावून ‘मोलेक्युला’ म्हणजे इवलीशी राशी झाली, तोच रेणू. १९व्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी जर्मन ‘मोलेक्यूल’वरून ‘मोल’ हे पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक रूढ केलं. १९७१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय पद्धतीतलं मूलभूत एकक झालं. तेव्हा त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंच्या संख्येवर उभी होती. २० मे २०१९ पासून ती संख्या ६.०२२१४०७६ × १०^२३ अशी नेमकी ठरवून टाकली आहे. पाण्याचा एक मोल साधारण १८ ग्रॅम भरतो, पेल्याच्या तळाशी मावेल इतका. बांधाचा अजस्र दगड आणि हे घोटभर पाणी यांना नावं एकाच मुळातून मिळाली आहेत.

गर्भाशयातल्या वाढीचा ‘मोल’ मात्र लॅटिन ‘मोला’पासून, म्हणजे जात्याच्या दगडापासून. दळणारा दात म्हणून दाढेलाही ‘मोलर’ म्हणतात ते यावरूनच. पण ‘मोलर’ द्रावण, म्हणजे ज्याची तीव्रता मोल या एककात मोजतात ते, म्हटलं की मूळ पुन्हा ‘मोलेस’! खूप मागे गेलं तर ‘मोल्डवार्प’मधला मातीचा ‘मोल्ड’ आणि जात्याचा ‘मोला’ हे दळणे अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूला मिळतात असं मानतात. कोश मात्र इतक्या लांबच्या नात्यावर नोंदी जोडत नाहीत. सॉसचा शब्द मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘मोल्ली’चा. त्याचा उच्चार ‘मोले’, आणि ‘ग्वाकामोले’ या अ‍ॅव्होकॅडोच्या चटणीच्या नावाच्या शेपटीत तोच आहे.

अनुवादात घोटाळे इथेच होतात. प्राण्यासाठी ‘चिचुंद्री’ लिहिणं चूक आहे. दोघांचा गण एक असला तरी कुळं वेगळी आहेत. अधिक गंभीर चूक वैद्यकीय मजकुरात होते. ‘हायडॅटिडिफॉर्म मोल’ किंवा ‘पार्शल मोल’ म्हणजे द्राक्षगर्भ, गर्भाशयातली तीच विकृत वाढ. तिथे ‘तीळ’ छापलं गेलं तर रुग्णाला आपला आजारच कळणार नाही. म्हणून आधी शेजारचे शब्द बघावेत. आकडा आणि पदार्थाचं नाव असेल तर एकक, त्वचा किंवा रंग असेल तर तीळ, बंदर किंवा जहाज असेल तर बांध, गर्भधारणा किंवा सोनोग्राफी असेल तर द्राक्षगर्भ. ‘मोलर प्रेग्नन्सी’मधला ‘मोलर’ दाढेचा समजून भाषांतर करण्याआधीही हेच करावं.