सुईआधीची शुगर आणि तळाची शुगर: मांजराचा डोस नेमका कशावर ठरतो?

मधुमेही मांजराचा मालक सांगतो: "सकाळी शुगर ४१० आली, म्हणून इन्शुलिन अर्धा युनिट जास्त दिलं." दुसऱ्या दिवशी २२० येते, म्हणून अर्धा कमी. तिसऱ्या दिवशी ३९०, पुन्हा वाढ. असं महिनाभर चालतं, मांजर पाणी पीतच राहतं, वजन उतरतच राहतं आणि शेवटी बोल लागतो इन्शुलिनला. इन्शुलिन बिचारं ठीक असतं. डोस चुकीच्या आकड्यावर ठरत असतो.

हा घोळ येतो कुठून, तेही उघड आहे. आपल्याकडे घरटी एक तरी मधुमेही माणूस असतो, त्यामुळे फास्टिंग आणि पीपी कुणाला शिकवावं लागत नाही. वडील रात्री ग्लार्जिन, म्हणजे लांब टिकणारं इन्शुलिन, घेतात, सकाळी उपाशीपोटी शुगर बघतात, ती सतत जास्त आली की डॉक्टर डोस वाढवतात. माणसाच्या बाबतीत हे बरोबरच आहे, कारण माणसाच्या शरीरात ग्लार्जिन जवळजवळ २४ तास सपाट चालतं. सपाट रेषेवरचा कुठलाही एक बिंदू बऱ्यापैकी खरं सांगतो.

तेच ग्लार्जिन मांजरात साधारण १२ तास टिकतं, म्हणून दिवसातून दोनदा द्यावं लागतं. आणि ते सपाट चालत नाही: सुईनंतर शुगर उतरत जाते, मधे कुठेतरी तळ गाठते आणि पुढच्या सुईपर्यंत पुन्हा वर येते. म्हणजे सकाळी सुईआधी तुम्ही जी शुगर मोजता, ती रात्रीच्या डोसचा जोर ओसरल्यानंतरची असते. तिला फास्टिंग म्हणणंही सोडा. दिवसभर थोडं थोडं खाणाऱ्या प्राण्याला कसलं आलंय फास्टिंग!

तेव्हा आकडे दोन आणि त्यांना विचारायचे प्रश्नही दोन. सुईआधीच्या आकड्याला विचारायचं: आत्ता ही सुई देणं सुरक्षित आहे का? तळाच्या आकड्याला, म्हणजे व्हेट ज्याला नादिर म्हणतात त्याला, विचारायचं: हा डोस बरोबर आहे का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं की गडबड झालीच.

समजा दोन मांजरं आहेत. दोघांची सकाळची शुगर ३८०, दोघांना २ युनिट. (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.) पहिल्याची तीन तासांनी २१०, सहा तासांनी ९५, नऊ तासांनी १८०, बारा तासांनी ३४०. दुसऱ्याची ३५०, ३१०, ३३० आणि ३७०. सुईआधीचे आकडे जवळपास सारखेच. पण दुसऱ्याचा डोस खरोखर अपुरा आहे, तो वाढायला हवा. पहिल्याचा तळ ९५ वर आहे, तिथे वाढवायला जागाच नाही. अर्धा युनिट वाढवलं तर दुपारी, तुम्ही ऑफिसात असताना, तो ५५ वर जाईल आणि संध्याकाळी घरी आल्यावर तुम्हाला पुन्हा ३५० दिसेल. म्हणजे तुम्ही आणखी वाढवाल. भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभं राहून खडक किती खोल आहे ते कळत नाही, ते ओहोटीलाच दिसतं. पहिल्या मांजराचा प्रश्न असलाच तर इन्शुलिन पुरेसा वेळ न टिकण्याचा किंवा खाण्यातल्या कार्बोहायड्रेटचा आहे. कोरडे दाणे बंद करून कमी कार्बोहायड्रेटचं ओलं अन्न सुरू केलं की अशा मांजरांची रेषा कितीतरी वेळा आपोआप खाली सरकते. डोसशी खेळण्याआधी मी तरी वाडग्याकडे बघेन.

इथे कुणीतरी हमखास सोमोजीचं नाव घेतं. शुगर फार खाली गेली की शरीर घाबरून ती उसळवतं, हे मायकेल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात माणसांच्या बाबतीत मांडलं. मांजरांतही अशी उसळी येऊ शकते, पण प्रत्येक ४०० ला सोमोजी म्हणायची जी फॅशन आहे तिचा मला कंटाळा आलाय. तळ मोजलेला नसेल तर ती उसळी आहे की नुसता अपुरा डोस, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि तळ मोजला असेल तर बहुतेक वेळा सोमोजींची गरजच पडत नाही.

तळ साधारण ८० ते १५० मध्ये असावा. त्याहून वर राहिला तर व्हेटशी बोलून अर्धा युनिट वाढवायचं, ८० च्या खाली गेला तर कमी करायचं, मग सकाळची शुगर कितीही का असेना. ४०० दिसत असताना डोस कमी करायला हात धजत नाही, हे मान्य. तरीही कमीच करायचा.

बदल केल्यावर पाच-सात दिवस हात लावायचा नाही. ग्लार्जिन बाटलीत आम्लधर्मी द्रावात विरघळलेलं असतं. कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण बनतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात. आधीच्या सुयांचा काही अंश पुढच्या सुयांत मिसळतो, त्यामुळे सोमवारी वाढवलेल्या अर्ध्या युनिटचा पूर्ण परिणाम मंगळवारी दिसतच नाही. रोज डोस बदलणारा माणूस प्रत्यक्षात कुठलाच डोस तपासत नसतो.

मग सुईआधी मोजायचं कशाला? अपघात टाळायला. तो आकडा नेहमीपेक्षा बराच खाली, नवख्यांसाठी २०० च्या आत, आला तर सुई थांबवा आणि व्हेटला फोन करा. मांजराने जेवण टाकलं असेल, उलटी केली असेल, तरी तेच. एखादी सुई चुकल्याने सहसा फार बिघडत नाही. नको तेव्हा दिलेली सुई मात्र जिवावर बेतू शकते. मांजर डगमगायला लागलं, अचानक गळून गेलं किंवा झटके आले तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी चोळा, तोंडात ओतू नका, आणि दवाखाना गाठा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची शुगर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. चालेल, पण एकच मीटर धरून ठेवा. सिरिंज: इन्शुलिनच्या बाटलीवर ४० (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) लिहिलं असेल तर लाल टोपणाची, १०० असेल तर नारंगी टोपणाची. आपल्याकडे केमिस्ट न विचारता लाल हातात ठेवतो. १०० चं इन्शुलिन त्यात एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं तर अडीच युनिट जातं. गुणाकार-भागाकार करत बसू नका, योग्य सिरिंज आणा, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तम. बहुतेक पेनमध्ये अर्धा युनिट देताच येत नाही, म्हणून मांजरासाठी मला पेन आवडत नाही.

तळ मोजायचा तो घरीच. दवाखान्यात पिंजऱ्यात घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या ताणानेच वर चढते, निरोगी मांजराचीही. त्या दिवशीच्या आकड्यांवर डोस ठरवणं मला पटत नाही. सुट्टीच्या दिवशी सुईपासून दर दोन तासांनी, कान हाताने गरम करून, कडेच्या शिरेजवळ टोचून एक थेंब घ्यायचा. तेवढं जमत नसेल तर निदान चौथ्या ते आठव्या तासात दोन-तीनदा तरी मोजा, तळ बहुधा तिथेच सापडतो. आणि कधीतरी रात्रीच्या सुईनंतरही मोजा. काही मांजरं रात्री दिवसापेक्षा खाली जातात, आणि नऊची सुई असेल तर त्यासाठी गजर दोन-तीनचा लावावा लागतो.