राक्लेतबरोबर फाँदाँच का? आल्प्सच्या उतारावरची वाइन आणि जिभेचं विज्ञान

स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्येला व्हाले नावाचा प्रांत आहे. तिथे राक्लेत मागवलं की सोबत काय प्यायचं हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. चीजचं अर्धं चाक निखाऱ्यासमोर धरतात, वरचा थर वितळून बुडबुडे आले की सुरीने खरवडून ताटलीत घेतात. शेजारी सालीसकट उकडलेले छोटे बटाटे, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या आणि कांदे असतात, आणि गार फाँदाँचा पेला असतो. फाँदाँ म्हणजे शासला या द्राक्षाची व्हालेतली पांढरी वाइन. हीच का, असं विचारलं तर दोन उत्तरं हमखास मिळतात: वाइनच्या आंबटपणाने चीजचा तुपकटपणा मोडतो आणि वाइनने चीज पचतं. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं चूक. मात्र त्याआधी हे द्राक्ष पिकतं कसं ते पाहू, कारण पेल्यातलं बरंचसं तिथेच ठरतं.

आल्प्स म्हटलं की बर्फ आणि हिरवी कुरणं डोळ्यांसमोर येतात. ऱ्होन नदीच्या या खोऱ्यात मात्र चक्क कोरडी हवा आहे. उत्तरेला बर्नीज आल्प्स, दक्षिणेला पेनाइन आल्प्स, दोन्हीकडची शिखरं ४,००० मीटरच्या वर. ढग कुठूनही आले तरी पलीकडच्या बाजूला रिकामे होतात. सह्याद्रीच्या एका भिंतीमुळे माण-खटाव कोरडे पडतात, इथे तशा दोन भिंती आहेत. सियाँ या मुख्य शहरात वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे पुण्याहूनही कमी. त्यामुळे मध्ययुगापासून इथले लोक हिमनद्यांचं वितळलेलं पाणी पाटाने आणत आले. हे पाट काही ठिकाणी उभ्या कड्याला लाकडी पन्हळी टांगून नेलेले आहेत. युनेस्कोने २०२३ साली युरोपातल्या पारंपरिक सिंचनाला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हे पाटही आले.

पाऊस कमी म्हणजे द्राक्षावर बुरशी कमी. त्यात भर पडते फॉन वाऱ्याची. दक्षिणेकडून दमट हवा डोंगर चढते तेव्हा ती दर १०० मीटरला अर्ध्या अंशाच्या आसपासच थंड होते, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडत असते. पाणी सांडून कोरडी झालेली तीच हवा अलीकडे उतरते तेव्हा मात्र दर १०० मीटरला पूर्ण एक अंशाने तापते. चढताना गमावलं त्याहून जास्त उतरताना कमावलं, असा हा हिशेब. शरद ऋतूत बाकीचा देश गारठायला लागतो, तेव्हा हा गरम, कोरडा वारा इथली उशिरा पिकणारी द्राक्षं तयार करतो.

उताराचाही हातभार आहे. युरोपात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, किरणं तिरपी पडतात. सपाट जमिनीवर ती पसरून जातात, दक्षिणेकडे तोंड केलेल्या चढावर जवळजवळ सरळ पडतात. रात्री थंड, जड हवा घरंगळत खोऱ्याच्या तळाशी साचते, म्हणून वसंतातलं दहिवर आधी तळातल्या बागांना झोडपतं. चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या दगडी ताली माती तर धरतातच, शिवाय दिवसभर तापून संध्याकाळी ती ऊब वेलींना परत देतात.

आता वर चढू. फिस्प गावाच्या माथ्यावर फिस्पटेर्मिनेनच्या द्राक्षबागा सुमारे ६५० मीटरवर सुरू होतात आणि १,१५० मीटरपर्यंत जातात. युरोपातल्या सर्वांत उंच बागा म्हणून त्यांची जाहिरात होते. स्पेनच्या कॅनरी बेटांत याहून उंच बागा आहेत, तिथले बागायतदार हे ऐकून हसत असतील, पण आल्प्सपुरतं बोलायचं तर त्या अगदी वरच्या पंक्तीतल्या आहेत. उंची १०० मीटरने वाढली की हवा साधारण ०.६५ अंशाने थंड होते. म्हणजे तळातल्या ओळी आणि माथ्यावरच्या ओळी यांच्यात तीनेक अंशांचा फरक पडतो, तोही एकाच गावाच्या शिवारात.

तीन अंशांनी काय होतं? द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात. टार्टारिक आम्ल आपल्याला चिंचेतून ओळखीचं आहे आणि मॅलिक आम्ल हिरव्या सफरचंदातून. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिकचं तसं नाही. फळ पिकताना श्वसनासाठी तेच जाळतं, आणि हवा जितकी गरम तितकं भराभर. दिवसा स्वच्छ उन्हात साखर भरते आणि रात्रीच्या गारठ्यात आम्ल शिल्लक राहतं. गोडीही आहे आणि आंबटपणाही, असं द्राक्ष मिळायचं ते अशा जागी. फिस्पटेर्मिनेनचं हाइडा हे द्राक्ष याचा उत्तम नमुना. तपासात ते फ्रान्सच्या ज्युरा भागातलं साव्हान्याँच निघालं. त्याची वाइन अंगाने भरलेली तरीही धारदार असते, आणि जुन्या, कडक डोंगरी चीजसमोर ती दबत नाही.

नाशिकच्या बागायतदाराला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल, निम्मं उलटं. व्हालेत वेल हिवाळाभर झोपतो आणि छाटणी वर्षातून एकदा होते. नाशिकला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशा दोन. तरी रात्रीचा गारवा हवा हे दोघांनाही पटलेलं. म्हणून तर नाशिकचं वाइनचं द्राक्ष थंडीत पिकवून जानेवारी ते मार्चमध्ये काढतात.

आता पुन्हा राक्लेतकडे. गंमत अशी की फाँदाँ फारशी आंबट नसते! शासला हे मुळातच कमी आम्लाचं, सौम्य द्राक्ष. शिवाय व्हालेत बहुतेक वेळा तिचं मॅलिक आम्ल जिवाणूंकरवी लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्यातल्या आम्लात, बदलू देतात. त्यामुळे वाइन आणखी मऊ होते. मग तुपकटपणा मोडतो कोण? माझ्या मते त्या ताटलीतलं आंबटपणाचं खरं काम व्हिनेगरातल्या काकड्याच करतात. फाँदाँची कामगिरी वेगळी आहे. ती गार असते, तिच्यात बहुधा विरघळलेला कार्बन डायऑक्साइड किंचित शिल्लक असतो, त्याची बारीक चुणचुण जिभेवर जाणवते. मुख्य म्हणजे तिच्यात टॅनिन जवळजवळ नसतं.

टॅनिन लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या साली-बियांतून येतं. आपल्या लाळेत निसरडेपणा आणणारी प्रथिनं असतात. टॅनिन त्यांना बांधून टाकतं, तोंड कोरडं, खरखरीत होतं आणि आपण तुरट म्हणतो. चीज खाल्लं की टॅनिनला बांधायला चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धांश मिळतात, तुरटपणा उतरतो. मग चीज आणि लाल वाइन ही जोडी छान असायला हवी ना? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात हे तपासलं. आठ चीज आणि आठ लाल वाइन घेऊन २००६ साली निष्कर्ष छापला: चीज आधी खाल्लं तर तुरटपणा आणि कडवटपणा कमी होतो खरा, पण त्याबरोबर वाइनचे फळांचे आणि ओकच्या लाकडाचे स्वादही फिके पडतात. उंची लाल वाइन चीजबरोबर उघडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. स्वस्तातली, जरा कडक लाल वाइन असेल तर उलट चीजचा फायदाच आहे.

लाल वाइनला व्हालेत चांगला जोडीदार आहे तो म्हणजे सुकवलेलं गोमांस. मीठ-मसाला चोळून आठवडेच्या आठवडे डोंगरच्या कोरड्या हवेत टांगलेलं, मग कागदासारखे पातळ काप. पाऊस अडवणारे डोंगर इथे दुसऱ्यांदा कामी येतात. इथे विज्ञानही जोडीच्या बाजूने आहे. २०१२ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात लोकांना सौम्य तुरट पेयाचे घोट एकामागून एक दिले, तेव्हा दर घोटाला तुरटपणा साचत गेला. मध्ये सुकं मांस खायला दिलं तर तोंडाचा तेलकटपणा आणि पेयाचा तुरटपणा एकमेकांना आवरत राहिले. घास-घोट-घास-घोट ही जगभरची सवय उगाच नाही. मांसातलं मीठही कडवटपणाची जाणीव दाबतं.

राहिला पचनाचा दावा. झुरिकच्या डॉक्टरांनी २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याची परीक्षाच छापली. २० निरोगी लोकांना फाँड्यू, म्हणजे वाइनमध्ये वितळवलेलं चीज, खाऊ घातलं. कधी सोबत पांढरी वाइन, कधी काळा चहा, नंतर कधी कडक मद्याचा घोट तर कधी पाणी. चीजमध्ये कार्बन-१३ या जरा जड कार्बनची खूण असलेला पदार्थ मिसळला होता, तो कार्बन श्वासातून बाहेर कधी येतो ते मोजलं. मद्य जितकं जास्त तितकं पोट सावकाश रिकामं झालं, आणि पुढची भूकही मंदावली. अपचनाच्या तक्रारींत मात्र फरक नव्हता. म्हणजे मद्याने पचन लवकर होत नाही, उलट लांबतं. मात्र निरोगी माणसाला त्याचा त्रास जाणवत नाही, म्हणून समजूत टिकून आहे.

फाँड्यूच्या भांड्यात मात्र वाइनला खरं काम आहे. चीजमधलं केसिन हे प्रथिन कॅल्शियमने एकमेकांना जखडलेलं असतं. नुसतं तापवलं तर ते आकसून गोळा होतं आणि तूप वेगळं सुटतं. वाइनमधलं टार्टारिक आम्ल त्या कॅल्शियमला धरतं, केसिन मोकळं होऊन चरबीच्या थेंबांना सांभाळतं. तरीही थोडा स्टार्च लागतोच. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या अभ्यासात, २०१९ साली, हे प्रमाण वजनाच्या किमान ३ टक्के निघालं. त्याखाली गेलं की फाँड्यू फाटतं.

या सगळ्या डोंगरी स्वयंपाकात तिखट जवळपास नाहीच, म्हणून तिथल्या वाइनवाल्यांना एक अडचण कधी येत नाही. आपल्याला येते. तोंडात उष्णता आणि मिरची या दोन्हींची दखल घेणारा संवेदक एकच आहे, टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन. एरवी तो ४२ अंशांच्या आसपास जागा होतो. मद्य असलं की हा उंबरठा ३४ अंशांवर येतो, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाही तो चेतवला जातो. तांबड्या रश्शावर १४ टक्के मद्याची टॅनिनभरली लाल वाइन घेणं म्हणजे आगीत तेल. तिथे कमी मद्याची, खूप गार आणि जराशी गोड पांढरी वाइन घ्यावी. साखरेने मिरचीचा दाह कमी जाणवतो. नाशिकची किंचित गोडसर शेनँ ब्लाँ त्यासाठी व्हालेच्या कुठल्याही बाटलीपेक्षा सरस ठरेल.