भोपळ्याला गार पाण्याचं वावडं

2025 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या जुळ्या भावांचा भोपळा 1,278.8 किलो भरला आणि जागतिक विक्रम झाला. बातमी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली ती शेपूट लावूनच : ‘वेलाला कोमट पाणी घाला, भोपळा दुप्पट होतो.’ निफाडच्या मामेभावाने लगेच विचारलं, “मग डांगराला गिझर बसवू का?”

सल्ला अर्धा खरा आहे. तिकडचे बरेच हौशी लोक पाणी टाकीत साठवून, उन्हात तापू देऊन मगच वेलाला देतात. त्यांच्याकडे जमिनीतलं पाणी 10-12 अंशांचं असतं आणि भोपळा हा उष्ण हवेतला वेल.

गार पाण्याने नेमकं बिघडतं काय? एक तर पाणीच जड चालतं. 25 अंशांच्या मानाने 10 अंशांचं पाणी जवळपास दीडपट घट्ट, म्हणजे चिकट. पण खरी गंमत मुळाच्या आत आहे. मुळात शिरलेलं पाणी पेशींच्या फटींतून बरंच आत जातं. पुढे मेणचट पदार्थाचा एक पट्टा वाट अडवतो. तिथून मध्यावरच्या नळ्यांकडे जायचं तर पेशीच्या पटलातूनच जावं लागतं. या पटलात प्रथिनांची बारीक दारं असतात, ॲक्वापोरिन. ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका दारातून सेकंदाला अब्जावर रेणू जातात. गारठ्यात काकडीवर्गातल्या वेलांची ही दारं मिटतात आणि पटलही ताठरतं. याच कुळातला एक भोपळा, कुकुर्बिटा फिसिफोलिया, मात्र थंडीतही पाणी ओढत राहतो. म्हणून थंड प्रदेशात काकडीचं कलम त्याच्या मुळांवर बांधतात.

हे मी नाशिकच्या गच्चीवर पाहिलं. जानेवारी, सकाळचे सात, रात्रभर गारठलेल्या पिंपातलं पाणी ग्रो बॅगमधल्या वेलाला घातलं. दहाला ऊन चढलं तर पानं मिटलेल्या छत्रीसारखी लोंबत होती. बोट खुपसलं तर माती ओलीगच्च. पानं पाणी उडवत होती, मुळं ओढत नव्हती. मी काय केलं? आणखी दोन तांबे ओतले! शेजारच्या काकूंचं निदान तयारच होतं : कोवळ्या भोपळ्याला कुणीतरी बोट दाखवलं. परागीभवन न झालेलं फळ पिवळं पडून गळतं, त्याचंही खापर बिचाऱ्या बोटावरच फुटतं.

शेतात इतकं बिघडत नाही. एका चौरस मीटरला 20 लिटर पाणी, मातीपेक्षा 10 अंशांनी गार, दिलं तरी वरचा 15 सेंटिमीटरचा थर साधारण दोनच अंशांनी उतरतो. पिशवीत माती मूठभर, त्यात बाजूनेही गारठा लागतो.

आता ‘दुप्पट’चं. ऐन भरात राक्षसी भोपळा दिवसाला 15 किलोहून अधिक वाढतो आणि त्यातलं बहुतेक पाणीच असतं. मुळं अडली की पानांची छिद्रं मिटतात, साखर बनणं मंदावतं, फळ थांबतं. म्हणून गार पाण्याने नुकसान होतं हे खरं. पण दारं उघडीच असतील तर कोमट पाणी ती आणखी उघडत नाही. आकार ठरतो बियाण्यावर, पानांच्या पसाऱ्यावर आणि वेलावर एकच फळ राखण्यावर. उलट पाणी जितकं तापेल तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. एप्रिलमध्ये उन्हात पडलेल्या ठिबकच्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी हातावर घेऊन बघा, चटका बसतो.

मामेभावाला गिझर लागणार नाही. पारा चार-पाच अंशांवर उतरतो त्या पहाटे निफाडच्या विहिरींवर वाफा दिसतात, कारण खोल पाणी वर्षभर चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपासच राहतं. द्राक्षवाले अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि याच पाण्यासाठी मोटार चालू करतात. डांगर मात्र त्याने अजून लावलेलं नाही. द्राक्षं उतरली की बघू, म्हणतो.