टाकाऊ प्लॅस्टिकपासून बांधकाम साहित्य

भंगारात ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही असे प्लॅस्टिक वितळवून, दाबून किंवा दळून त्यापासून विटा, पेव्हर ब्लॉक, फळ्या आणि काँक्रीटमध्ये घालायची खडी तयार करण्याची पद्धत. पाण्याच्या बाटल्या आणि शाम्पूचे डबे वेचले जातात, कारण त्यांना भाव असतो. मागे राहतात चिप्सची पाकिटे, पातळ पिशव्या, थर्माकोल, मळलेले वेष्टन आणि कशाचे आहेत हे ओळखू न येणारे तुकडे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या सुमारे ६३० कोटी टन प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला, १२ टक्के जाळला गेला आणि बाकीचा कचराभूमीत किंवा उघड्यावर साचला.

हे प्लॅस्टिक अवघड का, हे चिप्सच्या पाकिटावरून कळते. हाताला एकच वाटणाऱ्या त्या पापुद्र्यात दोन-तीन वेगवेगळी प्लॅस्टिके आणि ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर एकमेकांना चिकटलेले असतात. पॉलिथिलिन साधारण १०५ ते १३० अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिप्रॉपिलिन १६० च्या पुढे, तर पेटला, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकला, अडीचशे अंश लागतात. पेट वितळेपर्यंत तापवले तर बाकीचे करपू लागते. कमी तापवले तर पेटचे खडे तसेच राहतात. त्यात पीव्हीसीचा तुकडा आला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटून यंत्रही गंजते. थर्मोसेट प्रकारचे प्लॅस्टिक तर वितळतच नाही. ते दळून भर म्हणून वापरणे एवढेच हाती उरते.

बांधकामाकडे लक्ष वळले ते यामुळेच. नवी बाटली करायची तर कच्चा माल निर्भेळ लागतो, फरशीला तेवढा लागत नाही. रंग मळकट चालतो, पारदर्शकपणाचा प्रश्नच नाही, आणि न वितळलेला पेटचा खडा वाळूच्या दाण्यासारखा आत बसून राहतो.

सर्वांत रुळलेली कृती वाळूची. प्लॅस्टिक सुकवून त्याचा चुरा करतात आणि तो तापलेल्या वाळूत घोळतात. वाळू केवळ भरीला नसते. तिच्यामुळे ब्लॉक ताठ होतो आणि थंड होताना कमी आक्रसतो. घट्ट काळा लगदा साच्यात भरून दाबयंत्राखाली दाबतात आणि दाब असतानाच थंड होऊ देतात. घाईने काढलेला ब्लॉक कडांना वाकतो. चुरा ओला राहिला असेल तर आत वाफेचे बुडबुडे धरतात. असा ब्लॉक बाहेरून गुळगुळीत दिसतो, फोडला की आत भोकेच भोके. केनियातील न्झाम्बी मातेई यांनी नैरोबीत याच मार्गाने पेव्हर ब्लॉक बनवले. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला.

कोलंबियातील ‘कॉन्सेप्टोस प्लास्तिकोस’ ही कंपनी एकमेकांत अडकणारे ठोकळे बनवते, त्यामुळे भिंत रचताना सिमेंटचा मसाला लागत नाही. युनिसेफने तिच्याबरोबर आयव्हरी कोस्टमध्ये शाळांच्या वर्गखोल्या उभारल्या. अमेरिकेतील ‘बायफ्यूजन’चा मार्ग निराळा आहे. तिथे मिसळ प्लॅस्टिक न निवडता, वाफ आणि दाब यांच्या बळावर सुमारे दहा किलोच्या ठोकळ्यात आवळतात. उन्हापासून जपण्यासाठी त्यावर रंग किंवा गिलावा चढवावा लागतो. लाकडाऐवजी वापरायच्या प्लॅस्टिक फळ्यांचा इतिहास याहून जुना. योग्य मिश्रण आणि आराखडा असेल तर त्या किती भार पेलतात याचा दाखला म्हणजे अमेरिकेतील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर २००९ मध्ये बांधलेला पूल. त्यावरून रणगाडा नेण्यात आला.

काँक्रीटमध्ये खडी म्हणून घातलेले प्लॅस्टिक वजन कमी करते, पण बहुधा ताकदही कमी करते, कारण त्याच्या गुळगुळीत, पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाला सिमेंट नीट धरत नाही. २०१७ मध्ये एमआयटीतील विद्यार्थ्यांनी पेटच्या चुऱ्यावर गॅमा किरणांचा मारा करून तो थोड्या प्रमाणात वापरला, तेव्हा काही मिश्रणे १५ टक्क्यांपर्यंत अधिक मजबूत निघाली. प्रयोगशाळेबाहेर ही वाट अजून रुळलेली नाही.

जाहिरातींत सहसा दाब-चाचणीचा आकडा असतो: ब्लॉक इतका दाब सोसतो. खरी परीक्षा मात्र वेळेची आहे. सतत भार राहिला की प्लॅस्टिक हळूहळू दबत, वाकत जाते. अभियंते याला विसर्पण म्हणतात आणि ऊन वाढले की ते वेग घेते. पॉलिथिलिन उष्णतेने काँक्रीटच्या सुमारे दहापट प्रसरण पावते, म्हणून सांधे मोकळे ठेवावे लागतात. अतिनील किरणांनी पृष्ठभाग ठिसूळ होतो. काजळी मिसळली तर तो जास्त टिकतो. रहदारीच्या घर्षणाने सूक्ष्म प्लॅस्टिक सुटते, ही तक्रारही खोटी नाही.

आगीचा मुद्दा सर्वांत गंभीर. किलोमागे पॉलिथिलिनमध्ये जवळपास डिझेलइतकीच उष्णता साठलेली असते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये लागलेली आग पॉलिथिलिनचा गाभा असलेल्या बाह्य आवरणामुळे झपाट्याने पसरली आणि ७२ जणांचा बळी गेला. ते प्लॅस्टिक कचऱ्यातले नव्हते, पण ज्वाळेला त्याने फरक पडत नाही. त्यामुळे पदपथ, कठडे, कुंपणाचे खांब, बाके यांसाठी हे साहित्य निःशंकपणे सुचवता येते. राहत्या घराच्या भिंतींसाठी अग्निचाचणीचा दाखला पाहिल्याशिवाय नाही. लहान कारखान्यांत उघड्या पिंपात प्लॅस्टिक वितळवले जाते, तिथे धुराचा त्रास कामगारांच्या छातीला होतो. झाकलेले, तापमान नियंत्रित असलेले यंत्र आणि धूर ओढून घेणारी सोय हा या धंद्यातला ऐच्छिक खर्च नव्हे.

‘शाश्वत’ हे विशेषण कितपत लागू पडते, ते ब्लॉकने कशाची जागा घेतली यावर ठरते. सिमेंटच्या पेव्हरची घेतली तर सिमेंट वाचते, आणि जगातील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. बाटल्यांसारखे सहज पुन्हा वापरता येणारे प्लॅस्टिकच ब्लॉकमध्ये ओतले तर उलट नुकसान होते. आयुष्य संपल्यावरचा हिशेबही वेगवेगळा आहे. एकाच प्लॅस्टिकची फळी पुन्हा दळता येते, वाळूचा ब्लॉक फोडून त्याच भट्टीत परत घालता येतो, पण काँक्रीटमध्ये अडकलेले प्लॅस्टिक वेगळे काढण्याची परवडणारी सोय नाही आणि त्याचा राडारोडा पुन्हा खडी म्हणून वापरणेही त्यामुळे अवघड होते.